सतीशचं कडवं

शैला सुखदेव वाघमारे ही बाई लेस्टरमध्ये एकोणपन्नास वर्षं राहिली आणि त्यातली पंचेचाळीस वर्षं गायली. गायली म्हणजे चौथं कडवं तेवढं गायली. पहिलं, दुसरं, तिसरं कडवं तिने कधी तोंडातून काढलं नाही. घरी नाही, आंघोळ करताना नाही, भांडी घासतानासुद्धा नाही. हे सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा, पण ह्या एका शिस्तीपायी काय होऊन बसलं ते आधी ऐकून घ्या.

पार्टी चौघांची होती. बॅनरवर ‘समता गायन पार्टी, लेस्टर’ असं लिहिलेलं असायचं, पण सगळे ‘चौघांची पार्टी’च म्हणायचे. कडूबा खरात मूळचा जालन्याकडचा, इथे मोज्यांच्या गिरणीत रंगखात्यात कामाला. गाणी रचायची ती त्यानेच. सतीश गायकवाड बसवर ड्रायव्हर, तो पेटी वाजवायचा. सुखदेव वाघमारे कारखान्यात फिटर, त्याच्याकडे ढोलकी. आणि सुखदेवची बायको शैला, जी शहात्तर साली नांदेडकडून एका पत्र्याच्या ट्रंकेसकट इथे उतरली आणि पुढे सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत राहिली.

ऐंशी सालच्या आंबेडकर जयंतीला वुल्व्हरहॅम्प्टनला एका शाळेच्या हॉलमध्ये हे चौघे पहिल्यांदा उभे राहिले. समोर सगळे पंजाबी, जालंधरकडचे बौद्ध. मराठीचा एक शब्द कळत नव्हता कुणाला. पण बाबासाहेबांचं नाव आलं की म्हातारी माणसंही खुर्चीवरून उठायची आणि छातीला हात लावायची. त्या दिवसानंतर बेडफर्ड, साउथॉल, बर्मिंगहॅम, जिथून बोलावणं येईल तिथे हे चौघे सतीशच्या जुन्या गाडीत पेटी-ढोलकी कोंबून जायचे. शनिवारी गायचं, सोमवारी पहाटे शिफ्टवर हजर. पैसे कधी मागितले नाहीत. जेवण मिळालं तर मिळालं.

कडूबाची रचायची पद्धत जगावेगळी होती. प्रत्येक गाण्याला चार कडवी, आणि प्रत्येक कडवं एकेका गळ्याचं. पहिलं त्याचं स्वतःचं, उंच पट्टीतलं. दुसरं सतीशचं, हळू, कानाशी येऊन बोलल्यासारखं. तिसरं सुखदेवचं, ढोलकीच्या जोरावर दणदणीत. चौथं शैलाचं. शाहिराचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं असतं, म्हणून ‘कडूबा म्हणे’ हे शब्द नेहमी शैलाच्या वाट्याला यायचे. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने काय घ्यायचं, असं तो म्हणायचा. धृपद मात्र चौघांनी मिळून उचलायचं.

रविवारी तो शैलाच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि ज्याचं कडवं त्याला तोंडी द्यायचा. कागद नाही, पेन नाही. दुसऱ्याचं कडवं कुणी म्हणायचं नाही, सरावातही नाही. एकदा सुखदेव गंमत म्हणून सतीशचं कडवं गुणगुणला, तर कडूबा चहा अर्धा टाकून उठून गेला आणि दोन आठवडे फिरकला नाही. इतका हट्टी माणूस.

रेकॉर्डिंगच्या तर नावानेच त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. त्याला कारण होतं. सत्त्याऐंशी साली एका ओळखीच्या माणसाने कार्यक्रमात गुपचूप टेप चालू ठेवली, भारतात नेऊन दुसऱ्याकडून गाऊन कॅसेट काढली, आणि ‘कडूबा म्हणे’च्या जागी स्वतःचं नाव घातलं. कडूबाला ती कॅसेट बेलग्रेव्ह रोडवरच्या एका दुकानात मिळाली. त्याने ती विकत घेतली, घरी नेली, आणि भांडी घासायच्या सिंकमध्ये हातोडीने फोडली. तेव्हापासून कार्यक्रमाआधी तो स्वतः हॉलभर फिरून टेप कुणी आणली नाही ना ते बघायचा. बेचाळीस गाणी झाली अशी. बेचाळीसच्या बेचाळीस चार तोंडांत वाटलेली, आणि कुठेही लिहिलेली नाहीत.

दोन हजार पाच साली सतीश गेला. डेपोतून घरी आला, बूट काढायला वाकला आणि तिथेच आडवा झाला. सत्तावन्न वर्षांचा होता. त्यानंतरचा पहिला कार्यक्रम ऑक्टोबरात बेडफर्डला होता, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. तिघेच उभे होते. कडूबाने पहिलं कडवं म्हटलं, धृपद झालं, आणि सतीशच्या कडव्याची वेळ आली तेव्हा तो हात जोडून गप्प उभा राहिला. सुखदेवने बोटांच्या टोकांनी ठेका तेवढा धरून ठेवला. चार ओळींचा वेळ तसाच जाऊ दिला. मग धृपद उचललं. हॉलमध्ये पुरुष माणसं ढसाढसा रडली. असा मान कुणी कुणाला दिलेला त्यांनी पाहिला नव्हता.

एकदा करण्यासारखी होती ती गोष्ट, आणि एकदाच केली असती तर सोनं झालं असतं. पण लोकांनी पाय धरले, कौतुक केलं, आणि ह्यांनी त्याचा नेम करून टाकला. सतीशचं कडवं कायमचं रिकामं. अहो, मेलेल्या माणसाचं ताट कुणी रोज वाढून ठेवतं का? पण हे बोलायचं कुणी.

बोलली ती सतीशची मुलगी रूपाली. चोवीस वर्षांची, फार्मसीचं शिक्षण नुकतंच पुरं झालेलं. इथेच जन्मलेली, त्यामुळे मराठी बोलताना ‘माझी घर’, ‘तो भाजी’ असली गंमत चालायची. पण गाण्यात एक काना-मात्रा चुकत नव्हती. तीन वर्षांची असल्यापासून बापाच्या पेटीला टेकून बसलेली पोर. चौघांची चारही कडवी तिला पाठ. एका रविवारी ती शैलाच्या घरी आली. तिघे सरावाला बसले होते. बाबांचं कडवं आता मी म्हणते, असं तिने सरळ सांगितलं, आणि उभ्याउभ्या म्हणून दाखवलं.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब विद्यार्थी असताना राहायचे, त्या घरावरचं गाणं होतं ते. ‘दिवा विझवू नका बाई, लेकरू वाचतंय माझं’ असं धृपद. लेकाच्या काळजीने केव्हाच वारलेली आई परक्या मुलखातल्या घरमालकिणीला विनवते आहे, अशी कल्पना. रूपालीचा आवाज वरच्या सुराला लागला आणि तिथे नुसता थांबला, न हलता. कडूबाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सुखदेव म्हणाला, माझी काही हरकत नाही. रूपाली तोंड धुवायला वर गेली तेव्हा कडूबाने शैलाकडे बघितलं.

“शैला, तू सांग. तू म्हणशील तसं करू.”

शैला मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. एक जुडी संपली, दुसरी सोडली, तरी ती बोलली नाही. कडूबा मग स्वतःच म्हणाला की बरोबर आहे, चौघं म्हणजे चौघं, आणि रूपाली खाली आल्यावर तिलाही तेच सांगितलं. रूपालीने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि सगळ्यांना जय भीम करून गेली. पुन्हा त्या घरात आली नाही.

सतीशचा मान राहावा म्हणून मी गप्प बसले, असं शैलाने रात्री नवऱ्याला सांगितलं, आणि पुढे वर्षानुवर्षं स्वतःलाही सांगितलं. पण मेथी निवडताना तिच्या मनात काय होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. पंचवीस वर्षं त्या पार्टीत बाईचा आवाज एकच होता आणि तो तिचा होता. लाँड्रीत तिला नाव नव्हतं, सगळ्याच बायकांना म्हणतात तसं ‘लव्ह’ म्हणून हाक मारायचे. घरी ती कुणाची बायको, कुणाची वहिनी. त्या चार ओळींत मात्र हॉल तिच्याकडे बघायचा. आणि आता तिचा वरचा सूर फाटायला लागला होता, तो ही पोर उभ्याउभ्या लावून गेली होती. जळफळाट झाला बाईचा, दुसरं काय.

पुढे दोन हजार चौदा साली सुखदेव गेला. दोन कडवी रिकामी झाली. ढोलकी वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून कडूबा मांडीवर ताल धरायचा. आता अर्धं गाणं गप्प असायचं. सुरुवातीला लोक उभे राहायचे. नंतर चुळबुळ करायला लागले. मग त्या रिकाम्या वेळात प्लेटा वाजायला लागल्या, पोरं धावायला लागली. आयोजकांनी मोठ्या अदबीने ‘काका, दोनच गाणी घ्या’ असं सांगायला सुरुवात केली. नागपूर-पुण्याची नवी मंडळी व्हिसावर आली होती, शिकलेली, हुशार. त्यांच्या जयंतीला स्पीकर होते, तयार ट्रॅकवर गाणारी पोरं होती, नाच होता. ह्या दोन म्हाताऱ्यांना ती वाकून नमस्कार करायची आणि जेवणाच्या रांगेत पुढे न्यायची.

एकवीसच्या जानेवारीत कडूबा कोविडने गेला. अंत्यविधीला मोजून माणसं सोडत होते. शैला मास्क लावून एका कोपऱ्यात उभी होती. बेचाळीस गाण्यांची तीन कडवी त्या शवपेटीबरोबर जाताहेत हे तिच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. तिला एवढंच वाटलं की आता बोलायला कुणी उरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून तिने महिनाभर हळद-दूध घेतलं. मग घास गिळताना दुखायला लागलं तेव्हा जीपीकडे, म्हणजे गल्लीतल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेली, आणि जीपीने दोन आठवड्यांत हॉस्पिटलला पाठवलं. नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासला. स्वरयंत्रात कॅन्सर होता आणि बराच पसरलेला होता. स्वरयंत्र काढावं लागेल, मानेला भोक पाडून तिथून श्वास घ्यावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं. ऑपरेशन एकोणीस दिवसांनी होतं. पुढेमागे एक लहानसा व्हॉल्व्ह बसवून बोलता येईल असं त्या म्हणाल्या. शैलाने विचारलं, गाता येईल का? डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत हे एक बरं.

घरी आल्यावर तिने जयंती कमिटीतल्या प्रज्ञेशला फोन केला. प्रज्ञेश नागपूरचा, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारा, पस्तिशीचा माणूस. काकू, तुमची गाणी रेकॉर्ड करू या, असं तो दोन वर्षं मागे लागला होता आणि ही कडूबाचं नाव सांगून टोलवत होती. शनिवारी सकाळी तो चांगला मायक्रोफोन आणि लॅपटॉप घेऊन आला. घड्याळ बंद केलं, फ्रिजचा आवाज येतो म्हणून तोही बंद केला, आणि म्हणाला, काकू, निवांत म्हणा, अगदी पहिल्यापासून.

तिने धृपद म्हटलं. दिवा विझवू नका बाई, लेकरू वाचतंय माझं. आवाज खरखरीत, पण सूर जागेवर. मग कडूबाचं कडवं म्हणायला तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. थांब हं, म्हणाली. पाणी प्यायली. टेबलावर हाताने ताल धरला, कडूबा समोर उभा आहे असं मनात आणलं. चार ओळींचा वेळ गेला आणि शेवटचा शब्द तेवढा आला. ‘जिना’. त्या शब्दावरून धृपद उचलायचं असायचं, म्हणून तो शब्द तिच्याकडे राहिला होता. सतीशच्या कडव्याचा शेवट ‘पाव’. सुखदेवच्या कडव्याचा ‘थंडी’. मधल्या ओळींत दुसरे गात असताना ती चाळीस वर्षं एकच गोष्ट करत आली होती, आपली वेळ कधी येते त्याकडे कान लावून बसायची. आणि सतीशचं कडवं कानांवर पडूनही आता वीस वर्षं झाली होती.

मग चौथं कडवं आलं, ते घडाघडा आलं.

“कडूबा म्हणे, त्या जिन्याला
माझ्या मायचे पाय लागू द्या.”

दोन शनिवार ते बसले. बेचाळीस गाण्यांची बेचाळीस धृपदं मिळाली आणि बेचाळीस चौथी कडवी. बाकी नुसते शेवटचे शब्द, कुठे एखादी ओळ, कुठे अर्धी. प्रज्ञेशने लोकांच्या फोनमधून तीन जुने व्हिडिओ शोधून काढले, त्यांत तीन गाण्यांतलं कडूबाचं कडवं होतं, मागे प्लेटांचा खणखणाट आणि रडणारं मूल. तेवढंच. प्रत्येक गाण्यात कडूबा काहीतरी म्हणतो आहे हे राहिलं होतं. त्याआधी काय सांगत होता ते गेलं होतं. ज्या नावाची चोरी झाली म्हणून त्याने टेप बंद केली, ते नाव तेवढं शाबूत.

आणखी कुणाला येत असतील का हो काकू, असं प्रज्ञेशने वायरी गुंडाळता गुंडाळता विचारलं. शैला नाही म्हणाली. तो बूट घालून दाराबाहेर पडला तेव्हा तिने त्याला परत बोलावलं.

“एक पोरगी आहे,” ती म्हणाली. “होती.”

रूपालीचा नंबर प्रज्ञेशने कुठूनतरी मिळवला. ती वेम्बलीला राहत होती, फार्मसीतच नोकरीला, आता चव्वेचाळीस वर्षांची. फोनवर ती फार काही बोलली नाही, पत्ता पाठवला. शैला एकटीच ट्रेनने सेंट पँक्रसला गेली, तिथून मेट्रोपॉलिटन लाइन धरली, आणि वेम्बली पार्कला उतरून बसने ईलिंग रोडच्या मागच्या गल्लीत पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. रूपालीने दार उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेले, सतीशचंच नाक. तिने वाकून नमस्कार केला, आत घेतलं, गरम पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

शैलाने सगळं सरळ सांगितलं. ऑपरेशनची तारीख, रेकॉर्डिंगमधली भोकं, उरलेले दहा दिवस. मग म्हणाली की तुला सगळी कडवी पाठ होती, ती दे, म्हणजे कडूबाचं काम माझ्याबरोबर मरणार नाही. रूपालीने मांडी घातली, डोळे मिटले आणि बापाचं कडवं सुरू केलं. दोन ओळी आल्या. तिसरीला थांबली. पुन्हा सुरुवातीपासून धरलं, पुन्हा त्याच जागी थांबली. चार वेळा असं झालं.

“मला वाटायचं मी कधीच विसरणार नाही,” ती म्हणाली. “बाबांचा खोकला आठवते मला, श्वास कुठे घ्यायचे ते आठवतं. वर्ड्स नाही येत. म्हणायचे कुठे होते मला, मावशी? कडूबाकाका नाही म्हणाले. घरी म्हटलं तर आई रडायची. ट्वेंटी इयर्स. न म्हणता नाही राहत ते.”

आता इथे शैलाला तोंड उघडायची जागा होती. कडूबा नाही म्हणाला नव्हता. त्याने मला विचारलं होतं, आणि मी मेथी निवडत बसले होते. एवढं बोलायचं होतं फक्त, आणि आवाज अजून दहा दिवस तिचाच होता. पण पोरगी समोर बसून डोळे पुसत होती, तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं, ती उठून गेली असती तर? शैलाने पाण्याचा घोट घेतला आणि कडूबाच्या माथी गेलेलं ते त्याच्याच माथी राहू दिलं. दुसऱ्यांदा गप्प बसली ती.

मग तिने दुसरं मागणं केलं. गेलं ते गेलं, पण माझी चौथी कडवी आणि धृपदं तू शीक. रेकॉर्डिंग आहे, पण गाणारं तोंड नसेल तर त्या रेकॉर्डिंगला कोण विचारतं? एप्रिलच्या जयंतीला तू उभी राहा. रूपालीने थोडा विचार केला आणि हो म्हणाली. इतकी चांगली पोर. फक्त एक विचारलं तिने, अगदी साधेपणाने.

“पण ह्यात बाबा कुठे आहेत, मावशी?”

शैलाने उठून आपला पेला विसळला.

रजा टाकून रूपाली सहा दिवस लेस्टरला येऊन राहिली. त्याच स्वयंपाकघरात बसून, कडूबा शिकवायचा तसं तोंडी, एक ओळ हिने म्हणायची, एक तिने. शैला शिकवताना कडक होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला की टेबलावर चापटी. चौथ्या दिवशी आवाज इतका गेला की ती ओठ हलवून नुसता वारा सोडायची आणि रूपाली तिच्या तोंडाकडे बघून शब्द पकडायची. बेचाळीसपैकी एकतीस झाली. एकतिसाव्या कडव्यानंतर शैलाने मान हलवली, आता नाही. त्या रात्री रूपालीने मऊ खिचडी करून भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने तीच हॉस्पिटलला घेऊन गेली.

ऑपरेशन नऊ तास चाललं. बरं झालं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नाकातून नळी, मानेला भोक, त्यावर एक लहान जाळी. लिहायला एक पांढरी पाटी आणि मार्कर दिलेला. पुढच्या शनिवारी रूपाली आली. खुर्ची ओढून बसली, वॉर्डातल्या बाकीच्यांना त्रास नको म्हणून अगदी हळू आवाजात किंग हेन्रीज रोडचं गाणं म्हणायला लागली. धृपद झालं. मग तिने कडूबाच्या कडव्याएवढा वेळ जाऊ दिला, सतीशच्या कडव्याएवढा जाऊ दिला, सुखदेवच्या कडव्याएवढा जाऊ दिला, मान खाली घालून, बोटाने पलंगाच्या कडेवर ठेका धरत. जसं तिने ह्या लोकांना करताना पाहिलं होतं तसंच, बिनचूक.

शैलाला ते बघवेना. आपण हिला काय शिकवलं ते तिला पहिल्यांदा समोर दिसलं. चौथं कडवं सुरू व्हायच्या आधी हात हलवून तिने पोरीला थांबवलं, पाटी घेतली आणि लिहायला लागली. तिला लिहायची सवय नव्हती, अक्षरं मोठी मोठी आणि वाकडी येत होती. पाटी भरली की पुसायची, पुन्हा लिहायची. तीन वेळा भरली.

‘रिकामं सोडू नको. सतीशच्या जागी तुझं कडवं घाल. तू रच.’

‘कडूबा नाही म्हणाला नव्हता. त्याने मला विचारलं होतं.’

‘मी गप्प बसले. तुझा आवाज माझ्याहून चांगला होता म्हणून.’

रूपालीने प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर पाटी तिने स्वतःच्या मांडीवर पालथी ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून शैला बघत राहिली, पण राग नव्हता. दमलेली दिसत होती.

“मी कडूबाकाकांच्या फ्युनरलला आले नाही,” ती म्हणाली. “ऑनलाइन बघायची लिंक पाठवली होती, ती पण उघडली नाही. सोळा वर्षं त्यांच्याशी एक शब्द नाही बोलले मी.”

शैलाने पाटीकडे हात केला. रूपालीने दिली नाही.

“हे तेव्हा सांगायचं होतं, मावशी. वेम्बलीला आलात तेव्हा तरी. तेव्हा बोलता येत होतं तुम्हाला.”

मग तिने पाटी पुसली, टेबलावर मार्करशेजारी नीट ठेवली, पाण्याचा जग शैलाच्या हाताशी येईल असा सरकवला, आणि कोट घालून दाराकडे निघाली. शैलाने हाक मारायला तोंड उघडलं. मानेतल्या भोकातून नुसता वारा आला, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने नर्सला बोलवायची घंटी दाबली.